ब्रेक आधीच लागलेला असतो

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्याख्यानमालेत एक दिवस विज्ञानाचा असतो आणि यंदा तो माझ्याकडे आला. मी डॉक्टर नाही, प्राध्यापक तर नाहीच. मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि कॅरेज अँड वॅगनमधली वीस-बावीस वर्षांची नोकरी, एवढीच माझी शिदोरी. तरीही विषय घेतला आहे आपल्या शरीरातल्या पेशीचा. माझी मुलगी बायोटेक्नॉलॉजी शिकते. तिच्या टेबलावरचे कागद चाळताना एका यंत्राचे वर्णन वाचले आणि वाटले, अरे, ही तर आपली ब्रेकची व्यवस्था! मग तिला प्रश्न विचारून विचारून बेजार केले. आज तुमची पाळी.

आधी जागेचा अंदाज घेऊ. आपल्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर भरतो. त्याची जाडी दोन नॅनोमीटर, म्हणजे मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले दोन. हे आकडे ऐकून डोक्यात काही शिरत नाही, म्हणून मी ते आपल्या मापात बसवले. समजा डीएनएची जाडी आपल्या ब्रॉडगेजएवढी केली, १६७६ मिलिमीटर. मग लांबी होते जवळजवळ पावणेसतरा लाख किलोमीटर! हा धागा ४६ तुकड्यांत असतो, त्यांनाच आपण गुणसूत्रे म्हणतो. त्यातले सर्वात लांब गुणसूत्र या मापाने सुमारे सत्तर हजार किलोमीटरचे होते. म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी, आपल्या भारतीय रेल्वेचा सगळा मार्ग मिळून जेवढा होतो, साधारण तेवढे एक गुणसूत्र. आणि अशी ४६ गुणसूत्रे ठेवायची जागा किती? पेशीचे केंद्रक साधारण सहा मायक्रॉनचे धरले तर आपल्या मापात पाच किलोमीटर व्यासाचा एक गोळा.

आता एवढे रूळ एवढ्या जागेत कसे मावणार? गुंडाळूनच. पेशीत त्यासाठी रिळे असतात. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांचे एक रीळ, आणि त्याभोवती डीएनएचे सुमारे पावणेदोन वेढे. डीएनएच्या पायऱ्या मोजल्या तर १४७. या गुंडाळलेल्या रिळाला न्यूक्लिओसोम म्हणतात. रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९९७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कॅरोलिन लुगर आणि टिमोथी रिचमंड यांच्या गटाने त्याचे बारीकसारीक चित्र मिळवले. माणसाच्या एका पेशीत अशी सुमारे तीन कोटी रिळे असतात. रिळांची ही सगळी माळ म्हणजे क्रोमॅटिन.

जागेचा प्रश्न सुटला, पण दुसरा उभा राहिला. रिळावर गुंडाळलेला डीएनए वाचता येत नाही. एखादे जनुक वाचायचे असेल, तुटलेला धागा जोडायचा असेल, तर रीळ बाजूला सरकले पाहिजे. काम झाल्यावर परत जागेवर आले पाहिजे. हे सरकवण्याचे काम करणारी यंत्रे म्हणजे आजचा विषय. त्यांना क्रोमॅटिन रिमॉडेलर म्हणतात. शास्त्राच्या भाषेत ही विकरे, म्हणजे एन्झाइम. मी आपले यंत्रच म्हणेन. एटीपी हे पेशीचे इंधन जाळून ती डीएनएला पकडतात आणि रिळाभोवती थोडा थोडा ओढतात. एक एटीपी जळला की साधारण एक पायरी.

यातल्या पहिल्या यंत्राचा माग यीस्टमध्ये लागला, १९८४ च्या सुमारास. गंमत म्हणजे त्या वेळी कोणी रिळांच्या मागे नव्हते. एक गट यीस्ट साखर कशी वापरते ते पाहत होता, दुसरा गट यीस्ट आपला लिंगप्रकार कसा बदलते ते. दोघांच्या हाती आलेली जनुके पुढे एकाच यंत्राचे भाग निघाली, म्हणून त्याला जोडनाव मिळाले, स्विच-स्निफ. नंतर चुलत घराणी सापडत गेली. आज चार मुख्य घराणी मानतात. त्यातल्या ज्याच्याविषयी मी जास्त बोलणार आहे त्याचे नाव इस्वी. आपल्या इसवी सनाशी काही संबंध नाही, कृपया तिथी विचारू नये.

आता माझा मुद्दा. पेशीत ही यंत्रे सुटी फिरत असतात. इंधन चहूकडे उपलब्ध. रूळही चहूकडे. मग ही यंत्रे दिसेल त्या रिळाला धक्के का देत नाहीत? तिथे ना स्टेशन मास्तर, ना सिग्नल, ना कंट्रोल. मोकळ्या डीएनएवर बसून उगाच इंधन का जाळत बसत नाहीत?

बरीच वर्षे सरळ उत्तर असे समजले जाई की, यंत्र मुळात थंड असते आणि योग्य रीळ भेटले की रीळ त्याला चालना देते. सायकलला पेडल मारल्यासारखे. हे उत्तर अगदी चूक नव्हते. रिळातून हिस्टोन प्रथिनांच्या शेपट्या बाहेर लोंबतात, त्यातली एच-४ ची शेपटी कापून टाकली तर इस्वीचे काम मंदावते हे प्रयोगांत दिसलेच होते. म्हणजे शेपटी काहीतरी करते. पण काय करते?

इथे मला क्षणभर रुळांवर यावे लागेल.

जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये हवेचा पहिला ब्रेक केला. त्याची रचना सरळ होती: इंजिनातून हवा सोडा, डब्यांचे ब्रेक लागतील. पण पाइप फुटला किंवा गाडी मधून तुटली तर? हवाच पोहोचत नाही, म्हणजे ब्रेकच नाही. नेमकी ज्या वेळी गरज, त्याच वेळी गायब. तेव्हा १८७२ मध्ये त्याने विचार उलटा केला. पाइपमध्ये हवेचा दाब कायम भरून ठेवायचा आणि त्या दाबाने ब्रेक सुटलेला राहायचा. दाब गेला की ब्रेक लागला. आज आपल्या गाडीत ब्रेक पाइपमध्ये पाच किलोचा दाब असतो, तो भरल्याशिवाय गाडी हलत नाही आणि कुठेही होज पाइप सुटला तर गाडी आपोआप उभी राहते. आपल्याकडचा जुना व्हॅक्यूम ब्रेकही याच तत्त्वाचा होता.

हा उलटा विचार सगळ्यांनी लगेच मानला नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माघजवळ सहलीला निघालेल्या मुलामाणसांची गाडी चढावर अडकली. ती मधून सोडवून अर्धी अर्धी न्यायचे ठरले. गाडीला ब्रेक होता, पण स्वयंचलित नव्हता. डबे सुटे झाल्याबरोबर त्यांचा ब्रेक गेला, ते उतारावरून मागे घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशीच्या आसपास माणसे गेली, त्यात लहान मुले पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. आम्ही रोज पिट लाइनवर जे दाब तपासतो त्यामागे ही मुले आहेत, असे मी नवीन पोरांना सांगतो.

आता परत पेशीत. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या सेड्रिक क्लापिए आणि ब्रॅडली केर्न्स यांनी माशीच्या इस्वीवर काम प्रसिद्ध केले. त्यांना दिसले ते असे की, इस्वीची मोटर मुळात थंड नाहीच. ती स्वतःहून चालायला तयार असते. तिला रोखून धरणारे दोन तुकडे त्याच यंत्राच्या अंगात आहेत, मोटरच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. हे तुकडे बिघडवले की एच-४ च्या शेपटीची गरज पुष्कळशी संपते. म्हणजे रीळ यंत्राला ढकलत नाही. रीळ ब्रेक सोडते. सुटे यंत्र, रिळापासून दूर, म्हणजे ब्रेक लागलेली वाघीण. १८७२ चा वेस्टिंगहाउस आणि कोट्यवधी वर्षांची उत्क्रांती, दोघांनी एकच उत्तर काढले!

पहिल्या तुकड्याचे नाव ऑटो-एन. याची युक्ती मला फार आवडली. एच-४ च्या शेपटीवर एक छोटीशी खूण असते: आर्जिनिन, हिस्टिडिन, आर्जिनिन, अशी तीन अमिनो आम्ले ओळीने. हीच खूण यंत्राने स्वतःच्या अंगावर, ऑटो-एनमध्ये, उतरवून घेतली आहे. जुन्या एकेरी मार्गावरचे टोकन आठवा. टोकन हातात असल्याशिवाय ड्रायव्हर पुढच्या ब्लॉकमध्ये जात नसे. इथे खरे टोकन रिळाकडे आहे आणि त्याचा जुळा नकली तुकडा यंत्राने आपल्याच अंगावर ठेवून मोटर अडवली आहे. खरी शेपटी आली की नकली तुकडा बाजूला होतो आणि मोटरचे दोन अर्धे भाग कामाच्या जागी येऊ शकतात. चीनमधल्या त्सिंगहुआ विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये उष्णतेत वाढणाऱ्या एका बुरशीतल्या इस्वीची रचना प्रसिद्ध केली, त्यात ऑटो-एन मोटरला धरून बसलेला दिसतो आणि शेपटी त्याच्याशी स्पर्धा करते हेही दिसले.

याचा एक उपयोग बघा. खऱ्या टोकनावर पेशी लिहू शकते. एच-४ च्या शेपटीवर सोळाव्या जागी एक ॲसिटिल गट चिकटवला की ती शेपटी इस्वीचा ब्रेक नीट सोडू शकत नाही. नर माशीच्या एक्स गुणसूत्रावर अशा खुणा भरपूर असतात, कारण मादीकडे दोन एक्स आणि नराकडे एकच, म्हणून त्या एकाला दुप्पट काम करावे लागते. म्हणजे यंत्र तेच, ब्रेकही तोच, पण कोणत्या भागात तो सहज सुटावा आणि कोणत्या भागात सुटू नये हे मार्गावरच्या खुणांनी ठरते.

दुसरा तुकडा नेग-सी. हा वेगळ्या जातीचा आहे. ऑटो-एन इंधन जळण्यावरच अंकुश ठेवतो. नेग-सी इंधन जळू देतो, पण जोर डीएनएपर्यंत पोहोचू देत नाही. इंजिन चालू, क्लच दाबलेला. क्लच सुटतो केव्हा? यंत्राच्या शेपटाकडचा भाग रिळाशेजारचा मोकळा डीएनए पकडतो तेव्हा. रिळाशेजारी मोकळी जागा असेल तरच सरकवण्यात अर्थ आहे ना? जागाच नसेल तर क्लच दाबलेलाच राहतो.

यातून एक सुंदर परिणाम होतो आणि इथे आपल्या काशीचे नाव येते. डॉ. जयंत नारळीकर यांचे बालपण इथल्याच हिंदू विद्यापीठाच्या आवारात गेले. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथे गणिताचे प्रमुख होते. जयंतराव २०२५ च्या मे महिन्यात गेले. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात त्यांच्या विज्ञानकथा आहेत. पण त्यांची कन्या डॉ. गीता नारळीकर या याच विषयातल्या आघाडीच्या संशोधक आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसते. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांची प्रयोगशाळा आहे. वडील विश्वाच्या रचनेत, मुलगी केंद्रकाच्या रचनेत. मापांतला फरक मी मोजायला घेतला होता, सोडून दिला.

त्यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले की, एसीएफ नावाचे इस्वी घराण्यातले यंत्र रिळाशेजारच्या मोकळ्या डीएनएची लांबी जोखते. लांबी जास्त तर काम जलद, कमी तर मंद. २००९ मध्ये पुढचे आले: यंत्रे जोडीने काम करतात, रिळाच्या दोन्ही बाजूंना एक एक. ज्या बाजूला जागा मोठी, त्या बाजूची मोटर जास्त ओढते. रीळ तिकडे सरकते. सरकता सरकता दोन्ही बाजूंची जागा सारखी झाली की ओढही सारखी होते. म्हणजे पट्टी घेऊन मोजणारा कोणी नसताना रिळे समान अंतरावर येतात. आमच्या गँगमनना स्लीपरमधले अंतर मोजून ठेवावे लागते. इथे अंतर ठेवण्याचे काम ब्रेकनेच होते. मला विचाराल तर सगळ्या विषयातली ही सर्वात देखणी गोष्ट आहे. २०१८ मध्ये त्याच प्रयोगशाळेने आणखी एक भर घातली. रिळाच्या पृष्ठभागावर एक आम्लधर्मी ठिगळ असते, तेही माणसातल्या या यंत्राचा ब्रेक सोडायला मदत करते. तेव्हा ब्रेक सोडण्याच्या जागा एक नाही, निदान तीन: शेपटी, शेजारचा मोकळा रूळ आणि हे ठिगळ. जितक्या जास्त खुणा पटतील तितकी खात्री, की समोर आहे ते खरेच रीळ आहे आणि ते हलवण्यासारखे आहे.

दुसऱ्या घराण्यांनी हीच कल्पना वेगळ्या भागांतून उभी केली आहे. सीएचडी-१ नावाच्या यंत्रात क्रोमोडोमेन नावाचा भाग फाटकासारखा मोटरवर आडवा येतो, त्यामुळे नुसत्या उघड्या डीएनएने ते चाळवत नाही. हे २०१० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने दाखवले. तपशिलात शिरत नाही, कारण पुढचे उदाहरण जास्त महत्त्वाचे आहे.

त्याचे नाव एएलसी-१. हे जनुक लक्षात आले तेच यकृताच्या कर्करोगात, कारण तिथे त्याच्या प्रती वाढलेल्या असतात. या यंत्राचे नेहमीचे काम मात्र चांगले आहे. डीएनए तुटला की तिथली रिळे सैल करून दुरुस्तीला वाट द्यायची. आमच्या भाषेत ॲक्सिडेंट रिलीफ ट्रेन. आता अशी गाडी रोज विनाकारण धावत राहिली तर चालेल का? ती सायडिंगला उभी पाहिजे, पण हूटर झाला की तात्काळ निघाली पाहिजे. एएलसी-१ मध्ये मॅक्रोडोमेन नावाचा भाग मोटरला चिकटून तिला रोखून धरतो. डीएनए तुटला की पार्प-१ नावाचे दुसरे प्रथिन त्या जागी धावते आणि एका साखळी रेणूचा झुपका तयार करते. हा झुपका म्हणजे हूटर. मॅक्रोडोमेन तो झुपका पकडायला मोटर सोडतो, आणि मोटर सुटते. म्हणजे ज्या हाताने ब्रेक धरला आहे, त्याच हातात अपघाताची खबर पडते. खबर आली की हात रिकामा करावाच लागतो! २०१७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हे एकाच वेळी प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकाने असेही दाखवले की, कर्करोगाच्या पेशींत सापडलेले या जनुकातले काही बदल नेमका हा ब्रेक सैल करतात. मग डीएनए तुटलेला नसतानाही यंत्र चालू.

यार्डात शंटिंगसाठी वाघिणीचा हँडल ओढून हवा काढून टाकतात, हे आपल्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या वाघिणीला मग ब्रेक नाही. खाली लाकडाचा गुटका नसेल आणि जमीन थोडी उताराची असेल तर पुढचे सांगायला नको. मुलीने तो कागद समजावला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती वाघीण आली.

उलट बाजूही आहे. आपल्याकडे ब्रेक बाइंडिंग होते, म्हणजे ब्रेक सुटतच नाही, चाक तापते. पेशीतही यंत्र कामच करेनासे झाले तर तेवढाच घात. स्विच-स्निफ घराण्याच्या जनुकांत बिघाड असलेले कर्करोग सर्व कर्करोगांच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे आहेत, असे २०१३ मधल्या एका मोठ्या पाहणीत दिसले. त्यातले बरेचसे यंत्र मोडण्याच्या जातीचे आहेत.

माझी उपमा कुठवर चालते तेही सांगतो, नाहीतर सभेतले लोको शेडवाले मला सोडणार नाहीत. गाडीचा ब्रेक लागतो किंवा सुटतो. पेशीतला ब्रेक थरथरतो. त्या मापात सगळेच सतत हलत असते, त्यामुळे ब्रेक लागलेले यंत्रही अधूनमधून चुकार पाऊल टाकते. ब्रेक लागण्या-सुटण्याची शक्यता कमीजास्त होते, एवढेच. शिवाय आमची एअर ब्रेकची वाघीण बरेच दिवस उभी राहिली तर हवा गळून ब्रेक ढिला होतो, म्हणून हँडब्रेक लागतो. पेशीतला ब्रेक यंत्राच्या घडणीतच असल्याने त्याला गळती नाही. आणखी एक. २०१३ मध्ये म्युनिकच्या प्रयोगशाळेने इस्वीची मोटर एकटी, बाकीचे भाग काढून टाकून, तपासली. ती एकटीसुद्धा रिळे सरकवू शकते असे दिसले. तेव्हा बाकीचे सगळे अवयव कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे याच दिशेने जाते: हलवण्यासाठी नव्हे, केव्हा आणि कुठे हलवायचे यासाठी.

भाषण संपल्यावर एका काकूंनी प्रश्न विचारला, तो आणि त्याचे उत्तर इथे छापावे अशी संपादकांची सूचना आली, म्हणून देतो. त्यांच्या घरात कर्करोगाचे आजारपण होऊन गेले आहे. त्यांनी विचारले, "हे सगळे कळून औषधात काही फरक पडतो का हो?"

मी म्हणालो, काकू, औषधाबद्दल डॉक्टरांनीच बोलावे, मी फक्त वाचलेले सांगतो. पार्पला अडवणारी औषधे आहेत, त्यातले ओलॅपॅरिब २०१४ पासून वापरात आहे, मुख्यतः बीआरसीए जनुकात दोष असलेल्या बीजांडाच्या आणि पुढे स्तनाच्याही कर्करोगासाठी. २०२१ च्या सुमारास काही प्रयोगशाळांना असे आढळले की, अशा सदोष पेशींतून एएलसी-१ काढून टाकले तर त्या पेशी या औषधाने जास्त सहज मरतात. कारण दुरुस्तीची एक वाट आधीच बंद, दुसरीही बंद झाली. म्हणून आता एएलसी-१ ला बाहेरून ब्रेक लावणारे रेणू शोधण्याचे काम चालू आहे. प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंतचा रस्ता लांब असतो आणि सगळेच रेणू तिथवर पोहोचत नाहीत. पण ज्याला बाहेरून ब्रेक लावायचा आहे, त्या यंत्राचा आतला ब्रेक कुठे आहे आणि कसा बसतो, हे आता माहीत आहे.

काकू म्हणाल्या, "मग तुमच्या मुलीला सांगा, नीट अभ्यास कर म्हणावं." निरोप पोहोचवला आहे.